'प्रतिनायक' आणि 'योजिंबो'

प्रश्न : 'योजिंबो'सारख्या जुन्या जपानी तलवारपटांतल्या नायकाला 'प्रतिनायक' म्हणावं का? आणि 'योजिंबो' म्हणजे अंगरक्षकच ना?

प्रतिनायक? मुळीच म्हणू नये. परीक्षणांत हा शब्द वाचला की डोकं उठतं. प्रतिनायक म्हणजे नायकाचा वैरी. धनंजयाने दहाव्या शतकात 'दशरूपक' या संस्कृत नाट्यशास्त्राच्या ग्रंथात लोभी, उद्धट, पापी, व्यसनी शत्रू अशी त्याची व्याख्या करून ठेवली आहे. रामकथेतला प्रतिनायक रावण. ज्याने जिंकावं म्हणून आपण जीव मुठीत धरून बसतो, तो प्रतिनायक कसा? इंग्रजी 'अँटिहीरो'त, म्हणजे नायकाचे रूढ सद्गुण नसलेल्या नायकाच्या नावात, 'अँटि' दिसलं की 'प्रति' चिकटवून मोकळं व्हायचं, ही शब्द घडवण्याची रीत नव्हे. सरळ 'अँटिहीरो' लिहा.

'योजिंबो'चं मात्र 'अंगरक्षक' करून भागत नाही. 'योजिन' म्हणजे सावधगिरी, 'बो' म्हणजे काठी. चोराचिलटांच्या भीतीने घरात ठेवायचा दांडका आणि दार आतून पक्कं करायचा अडसर, हे या शब्दाचे जुने अर्थ. भाडोत्री रक्षक हा पुढचा. आपल्या अडसराचंही तसंच झालं. दार गेलं, अडथळा उरला.

आता दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा 1961चा 'योजिंबो' हा चित्रपट या शब्दाच्या अंगाने पाहा. सुरुवातीलाच तोशिरो मिफुनेचा रोनिन, म्हणजे धनी नसलेला सामुराई, वाटेच्या फाट्यावर एक काटकी हवेत भिरकावतो आणि ती पडेल त्या दिशेने चालू लागतो. नावातली काठी पहिल्याच प्रसंगात! हा योगायोग असूच शकत नाही, असं माझं ठाम मत आहे. पुढे गावातल्या दोन्ही टोळ्या त्याला विकत घ्यायला बघतात, आणि तो दोघांनाही झुलवत एकमेकांवर घालतो. अडसराला कोणी त्याचं शील विचारत नाही. दार टिकलं की झालं. आपल्याला या माणसाची ओढ वाटते ती त्यामुळेच. तो पैशाची भाषा बोलतो, गुंडांच्या झुंजीची मजा उंचावर बसून बघतो, आणि तरी पळवून नेलेल्या बाईला सोडवून मिळालेले पैसे तिच्याच कुटुंबाला देऊन टाकतो. समीक्षक इथे अमेरिकन वेस्टर्नचा, म्हणजे काउबॉयपटांचा, प्रभाव सांगून थांबतात. प्रभाव आहेच, पण शीर्षकातली काठी कुठल्या वेस्टर्नमधून आली, तेही सांगावं.

त्याला नाव विचारलं तर तो बाहेरच्या तुतीच्या मळ्याकडे बघून 'कुवाबाताके सांजुरो' म्हणतो. कुवाबाताके म्हणजे तुतीचा मळा, आणि सांजुरोतल्या 'सान्जू'चा अर्थ तीस. वर सांगतो, आता चाळिशी जवळ आलीय. 1962च्या 'सांजुरो' या पुढच्या चित्रपटात समोर कॅमेलिया फुललेला असतो, म्हणून तिथे तोच माणूस 'त्सुबाकी सांजुरो' होतो.