कुंडीवर 'आलं' लिहावं की 'पेवा'?

फोंड्याच्या एक वाचक विचारतात: रोपवाटिकेतून 'जिंजर' म्हणून आणलेल्या झाडाला श्रावणात तांबडं बोंड आलं. त्यातून रोज एखाददुसरं पांढरं, चुरगळलेल्या कागदासारखं फूल बाहेर पडतं. शेजारीण म्हणते ही कर्दळ, सासूबाई म्हणतात पेवा. मी कुंडीवर 'शोभेचं आलं' लिहिलं तर चालेल का?

सासूबाईंचं खरं. पानं दांड्याभोवती गोल जिन्यासारखी चढत गेलीत, असं तुम्हीच लिहिलंय, तिथेच निकाल लागला. आलं, हळद, सोनटक्का यांची पानं दांड्याच्या दोन बाजूंना दोन सरळ ओळींत असतात. शिवाय त्यांचं पान चुरगळलं की वास येतो. पातोळ्या हळदीच्या पानात का उकडतात हे गोव्यात कुणाला सांगायला नको. पेव्याचं पान कितीही चुरगळा, नुसता हिरवा ओला वास. कर्दळीचं पानही बिनवासाचंच, पण तिला असं बोंड येत नाही, आणि तिच्या रंगीत 'पाकळ्या' म्हणजे खरं तर रूप पालटलेले पुंकेसर. (पेव फुटतं ते पेव वेगळं, जमिनीखालचं, धान्याचं. या पेव्याशी त्याची गल्लत नको.)

रोपवाटिकेवाल्यालाही खोटं ठरवता येत नाही. इंग्रजीत पेव्याला 'क्रेप जिंजर' म्हणतात. तिकडे जिंजर हा शब्द ऐसपैस आहे: स्वयंपाकातलं आलं, सोनटक्का, पेवा, सगळे त्यात मावतात. मराठीतलं आलं तसं नाही. आर्द्रक म्हणजे ओलं, त्यावरून प्राकृतातून 'आलं' आलं. वाळलं की तेच सुंठ. ज्या शब्दाची ओळखच ओलेपणाची, किसण्या-ठेचण्याची, तो फुलाच्या झाडाला लावला की कानाला खटकतो. रानआलं म्हणतो आपण, पण ते आल्याचंच रानातलं भावंड असतं. म्हणून 'शोभेचं आलं' मला पटत नाही. भाषांतर म्हणून ते ठीक, नाव म्हणून नाही.

गंमत अशी की जिंजर आपल्याकडूनच गेलेला. संस्कृतात आल्याला शृंगवेर म्हणतात. शिंगासारखं म्हणून शृंग, ही फोड नंतर जुळवलेली. मूळ शब्द द्राविडी: तमिळमध्ये इंजी म्हणजे आलं आणि वेर म्हणजे मूळ. प्राकृतातून तो ग्रीकांकडे गेला, मग लॅटिनमध्ये झिंगिबेर झाला, आणि पोर्तुगीजांच्या तोंडी 'जेंजिब्र' होऊन जहाजातून गोव्यात परत आला. आपण मात्र आलंच म्हणत राहिलो.

पेव्याच्या शास्त्रीय नावाची याहून मोठी गफलत. त्याला बराच काळ 'कॉस्टस' म्हणत. हा शब्द संस्कृत कुष्ठावरून आलेला, आणि कुष्ठ म्हणजे हिमालयातली, सूर्यफुलाच्या कुळातली सुगंधी मुळी. नाव तिचं, चिकटलं बिनवासाच्या पेव्याला. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात 'कोस्तो'वर एक अख्खा संवाद लिहिला आहे, तो त्या मुळीबद्दल. त्यात पेवा शोधू नका.

तुमच्या पत्राच्या शेवटी सोनटक्क्याचा उल्लेख आहे: नावात सोनं, फूल पांढरं, मग खरा सोनटक्का पिवळा का? नाही. नुसतं सोनटक्का म्हटलं की मराठीत तो पांढराच, संध्याकाळी घमघमणारा. पिवळा हवा असेल तर 'पिवळा सोनटक्का' असं वेगळं सांगावं लागतं. बंगालीत त्याला दोलनचाँपा म्हणतात, अमरकंटकला तोच गुलबकावली. आणि क्यूबाने त्याला राष्ट्रीय फूल केलंय, झाड मूळचं पूर्व हिमालयाच्या बाजूचं असूनही.

शेजारणीच्या कर्दळीचीही बाजू घेतो. जुन्या मराठीत कर्दळी म्हणजे केळ. श्रीशैलाजवळचं कर्दळीवन आठवा, ते केळीचं बन. अमेरिकेतून आलेल्या या फुलझाडाची पानं केळीसारखी, म्हणून केळीचं जुनं नाव त्याला मिळालं. वनस्पतिशास्त्रात केळ, कर्दळ, पेवा, हळद, आलं हे सगळे एकाच गणात मोडतात. नातं शेजारणीला दिसलं, घर तेवढं चुकलं.

उद्या रोपवाटिकेतून खरोखरीचं 'रेड जिंजर' आणलंत, म्हणजे लांब तांबडं कणीस आणि जुन्या कणसावरच छोटी रोपं फुटणारं, तर त्यालाही लाल आलं म्हणू नका. ते आपल्या कुळागरातल्या कुळिंजनाच्या प्रजातीतलं आहे. मी त्याला 'तांबडं कुळिंजन' म्हणतो. या कुंडीवर मात्र 'पेवा' एवढंच लिहा.