आपल्या गडचिरोलीत दरवर्षी वणवा लागतो तरी जंगल उभं राहतं, मग कॅनडातलं जंगल आगीनं बदलतंय असं का म्हणतात?

कारण दोन्हीकडची आग वेगळी. आपल्याकडे मार्च-एप्रिलात मोह वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात, तो पेट पुढं सरकतो. आग जमिनीलगत राहते, मोठी झाडं वाचतात. सागाचं रोपटं जळालं तरी पावसाळ्यात बुडातून फुटवा येतो. (रोपं दरवर्षी जळत राहिली तर नवीन झाड तयार होत नाही, हे नुकसान आपल्याला लवकर दिसत नाही.)

तिकडे आग शेंड्यापर्यंत चढते आणि अख्खं रानच मरतं. पण काळ्या स्प्रूसची, म्हणजे तिकडच्या सुईसारख्या पानांच्या झाडाची, त्यासाठी तयारी असते. शेंड्याला छोट्या बोंडांचा दाट झुबका असतो, बोंडं राळेनं चिकटलेली. आगीत राळ वितळते, बोंडं उघडतात आणि बी राखेवर पडतं. शंभरेक वर्षांनी एकदा आग आली तर स्प्रूसच्या जागी पुन्हा स्प्रूसच उगवतो.

अडचण येते ती आग लवकर परतली की. स्प्रूसला भरपूर बी धरायला 30 ते 50 वर्षं लागतात. विसाव्या वर्षीच पुन्हा जळालं तर पुरेसं बीच नसतं. त्यात शेवाळाचा जाड थर जळून खालची माती उघडी पडते, त्यावर वाऱ्यानं आलेलं बर्च आणि अस्पेन या रुंद पानांच्या झाडांचं बी रुजतं, आणि जंगल बदलतं ते असं. त्या थरात शेकडो वर्षांचा कार्बन साठलेला असतो, तोही हवेत जातो. 2023 साली कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जळालं. त्यात कोवळी रानंही होती, मला काळजी त्यांचीच जास्त वाटते.