इन्स्टॉलेशन करणारा कलाकार कमावतो कशावर?

इन्स्टॉलेशन म्हणजे एखाद्या जागेत वस्तू मांडून उभं केलेलं कलाकाम, म्हणजेच मांडणी. प्रदर्शन उठलं की ती मोडतात, मग कलाकाराचं पोट कशावर चालतं, असं तुम्ही विचारलंय. एकाच गोष्टीवर क्वचितच. थोडं मानधन, थोडी सार्वजनिक कामं, थोडं शिकवणं. क्रिस्तो आणि जाँ-क्लोद हे कलाकार जोडपं प्रायोजक घेतच नसे. कामाची आधीची रेखाटनं आणि कोलाज विकून पैसा उभा करत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या त्यांच्या 7,503 कापडी पडद्यांच्या दरवाजांची कल्पना 1979 ची, ते उभे राहिले 2005 मध्ये, आणि तेही 16 दिवस.

मांडणी विकली जाते तेव्हा घेणाऱ्याच्या हातात बऱ्याचदा पडतो तो कागद. अमेरिकन कलाकार सॉल लेविट यांच्या भित्तिचित्रासोबत प्रमाणपत्र आणि आकृती मिळते, भिंत दुसरेच रंगवतात. त्यामुळे नवख्याने सगळ्यात जास्त घाम मांडणी-पुस्तिकेवर, म्हणजे दुसऱ्याला काम जोडता यावं अशा लेखी सूचनांवर गाळावा, असं माझं मत. नंबर घातलेल्या भागांची यादी, कुठल्या खोक्यात काय, पायरीपायरीचे फोटो, एकूण वजन, प्रत्येक हुकावरचा भार, विजेचा भार. टांगायचं काम असेल तर उंची जमिनीपासून लिहा, छतापासून नको. छत 3 मीटरवर असो की 5, वस्तू 150 सेंटीमीटरवरच दिसायला हवी. नायलॉनची दोरी वजनाने ताणते आणि काही दिवसांत सगळी रांग खाली येते. बारीक स्टीलची वायर घ्या.

फिरणारं काही असेल तर तास मोजा. दिवसाला 8 तास, 90 दिवस, म्हणजे 720 तास. स्वस्त मोटारीचे कार्बन ब्रश, म्हणजे आतले घासून झिजणारे तुकडे, तेवढे टिकतीलच असं नाही. ब्रशलेस, म्हणजे असे ब्रश नसलेली मोटार लावा, नाहीतर दोन जादा मोटारी खोक्यात ठेवा. काय बदललेलं चालेल तेही आजच लिहा: ट्यूबलाइट बाजारातून चालल्यात, मग तुम्हाला नळीचा आकार हवाय की उजेडाचा रंग?

पैशांबाबत एकच, पण कळीचं. मानधन आणि बनवण्याचा खर्च कधीही एका आकड्यात सांगू नका. लोखंड महागलं की पहिला घास तुमच्या मानधनाचाच जातो. वाहतूक, विमा, जोडणीचे दिवस वेगळे लावा. मोडण्याचे दिवस हमखास विसरतात. जोडायला 4 दिवस लागले असतील तर सोडवून, पुसून, नंबरानुसार भरायला दीड-दोन लागणारच; ती मजुरी आणि पुढचं गोदाम कोणाकडे, हे करारात नसलं तर दोन्ही तुमच्या गळ्यात.