‘वर्गमूळ’ म्हणायचे, मग ‘चौरसमूळ’ का नाही?

कळंब्याकडे जागा बघत असलेल्या एका वाचकांनी विचारले आहे की, विक्रेता तोंडी ‘33 फूट चौरस’ म्हणतो आणि कागदावर ‘1089 चौरस फूट’ लिहितो, तर हे दोन्ही एकच कसे? चौरसाच्या क्षेत्रफळावरून बाजू काढतो, तर त्या क्रियेला ‘चौरसमूळ’ न म्हणता ‘वर्गमूळ’ का म्हणायचे? आणि जाता जाता, एवढी जागा परवडत नसल्याने अर्धाच गुंठा घ्यायचा ठरवला, तर तो साडेसोळा फूट चौरस धरावा का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ‘33 फूट चौरस’ या प्रयोगात चौरस हे आकृतीचे वर्णन आहे आणि 33 फूट ही तिची बाजू आहे; 33 गुणिले 33 म्हणजे 1089 चौरस फूट, अर्थात एक गुंठा. ‘33 चौरस फूट’ म्हटले की चौरस हा शब्द एककाला जाऊन चिकटतो आणि तेवढ्या जागेत फार तर न्हाणीघर बसते. आमच्याकडचे गवंडी या भानगडीत न पडता ‘तेहतीस बाय तेहतीस’ म्हणतात, आणि माझ्या मते व्यवहारात तेच सर्वांत निर्धोक आहे.

खरी गंमत दुसऱ्या प्रश्नात आहे. ‘चौरस’ हा संस्कृत ‘चतुरस्र’ या शब्दाचा प्राकृतातून झिजत आलेला अवतार असून त्यातील ‘अस्र’ म्हणजे कोपरा. ‘वर्ग’ या शब्दाचा मूळ अर्थ गट किंवा समूह, पण गणितात तो फार पूर्वीच आकृतीसाठीही वापरला गेला. इ. स. 499 मधील ‘आर्यभटीया’च्या गणितपादात ‘वर्गः समचतुरश्रः फलं च सदृशद्वयस्य संवर्गः’ असे म्हटले आहे. म्हणजे चार सारख्या बाजूंची चौकोनी आकृती, तिचे क्षेत्रफळ आणि दोन सारख्या संख्यांचा गुणाकार, या तिन्हींना तेथे एकच नाव आहे. तेव्हा वाचकांना हवे असलेले ‘चौरसमूळ’ हे ‘वर्गमुळा’त आधीपासूनच आहे. हिंदीत आजही त्या आकृतीला ‘वर्ग’ म्हणतात, आणि अलीकडे आपल्या जाहिरातींत डोकावणारा ‘वर्गफूट’ तिकडूनच आला आहे. मराठीने मात्र वाटणी केली: आकृती चौरसाकडे गेली आणि संख्या वर्गाकडे राहिली. म्हणूनच ‘चौरसाचे क्षेत्रफळ म्हणजे बाजूचा वर्ग’ हे शाळेत घोकलेले वाक्य आपल्याला काही नवे सांगते. आर्यभटाच्या परिभाषेत ते जवळजवळ एकच गोष्ट दोनदा सांगणे झाले असते.

राहिला ‘मूळ’ हा शब्द. येथे जमिनीखाली पसरलेली मुळे डोळ्यांपुढे आणली, तर अर्थ नीट लागत नाही. संस्कृतात ‘मूल’ म्हणजे तळ, पाया असाही अर्थ आहे, आणि झाडाच्या मुळाशी बसलेला माणूस बुंध्यापाशी बसलेला असतो, मातीत नव्हे. चौरस ज्या रेषेवर उभा राहतो ती बाजू म्हणजे त्याचे मूळ, असे पाहिले की शब्द चपखल वाटतो. ब्रह्मगुप्ताने याच अर्थाने ‘पद’, म्हणजे पाऊल, हा शब्दही वापरला आहे, त्यामुळे या अर्थाला बळ मिळते. लिहिताना मात्र ‘वर्गमूळाचे’ असे दीर्घ रूप करू नये. ‘मुळाशी’, ‘मुळात’ याप्रमाणे ‘वर्गमुळाचे’ असेच लिहावे.

आता अर्धा गुंठा. बाजू निम्मी केली की क्षेत्रफळ निम्मे नव्हे, चौथाई होते: साडेसोळा फूट चौरस म्हणजे 272.25 चौरस फूट, अर्थात पाव गुंठा. अर्धा गुंठा 544.5 चौरस फुटांचा, आणि त्याचे वर्गमूळ 23.33 फुटांच्या आसपास येते, पण दशांशात ते कधीच संपत नाही. अशा मुळांना नववीच्या गणितात ‘करणी’ म्हणतात. आपल्याकडे करणी म्हटले की लिंबू-मिरची आठवते; शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी मापून मांडण्याच्या प्राचीन सूत्रग्रंथांत, मात्र करणी म्हणजे चौरस ‘करणारी’, म्हणजे त्याची बाजू, आणि दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करणारी ती ‘द्विकरणी’. चौरसाच्या कर्णाएवढी दोरी बाजू म्हणून घेतली, तर दुप्पट जागा व्यापणारा चौरस होतो, हे त्या सूत्रांत सांगितलेच आहे. तीच युक्ती उलट फिरवावी. पूर्ण गुंठ्याच्या चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून समोरासमोरच्या दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणावी. ती 46 फूट 8 इंचांच्या जवळपास भरेल. तीच दोरी मधोमध दुमडली की अर्ध्या गुंठ्याच्या चौरसाची बाजू हातात येते, आणि चुन्याची फक्की मारण्यापुरते तरी वर्गमूळ काढावे लागत नाही.