१२८ ची एमपी३ ३२० केली तर आवाज सुधारतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: सीडीवरचं गाणं एमपी३ केलं की दहा-अकरा पट लहान कसं होतं, आणि १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ हजार बिट, यालाच बिटरेट म्हणतात) फाइल ३२० मध्ये बदलून घेतली तर आवाज सुधारेल का. दुसऱ्याचं उत्तर लगेच देतो: नाही. का नाही, ते पहिल्याच्या उत्तरात दडलेलं आहे.

सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाच्या लहरीची मोजमापं, असतात, प्रत्येकी १६ बिटांचे, डावीकडचे वेगळे आणि उजवीकडचे वेगळे. म्हणजे सेकंदाला १४ लाखांहून जास्त बिट, मिनिटाला साधारण साडेदहा एमबी. १२८ केबीपीएसची एमपी३ हेच मिनिट एक एमबीच्या आत बसवते.

हे झिपसारखं नाही. झिपसारखं काम फ्लॅक हा फॉरमॅट करतो: पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज कितीने चुकला तेवढंच लिहून ठेवायचं. त्यातून मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात, पण फाइल बहुतेक वेळा निम्म्याच्या आसपासच येते.

‘एमपी३ न ऐकू येणारे आवाज कापून टाकते’ असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. १२८ ला बहुतेक एन्कोडर (एमपी३ बनवणारे प्रोग्रॅम) १६ किलोहर्ट्झच्या वरचं, म्हणजे सगळ्यात बारीक टिपेचं, कापतात हे खरं, पण खरी बचत होते ती आकडे गोल करण्यातून.

एन्कोडर १,१५२ नमुन्यांची, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांची एक फ्रेम घेतो आणि आवाज वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींमध्ये वाटतो. समजा, एका फ्रीक्वेन्सीचा आकडा आला ७३. (प्रत्यक्षातलं सूत्र जरा वाकडं आहे, कल्पना हीच.) त्याला १० ने भागून नुसता ७ लिहिला. वाजवताना ७ चे ७० होतात. हरवलेले ३ म्हणजे आवाजात मिसळलेली खरखर. भाजक जितका मोठा तितके आकडे लहान, शून्यं जास्त, आणि मग हफमन कोडिंग (वारंवार येणाऱ्या आकड्यांना छोटे कोड देण्याची पद्धत) ते अगदी थोड्या बिटांत बांधून टाकतं.

मग खरखर ऐकू का येत नाही? कारण १,००० हर्ट्झचा दणदणीत स्वर चालू असताना शेजारचा १,१०० हर्ट्झचा बारीक आवाज कानाला कळत नाही. एन्कोडर खरखर नेमकी अशा मोठ्या आवाजांच्या आडोशाला ठेवतो. ही जागा कशी हेरायची ते मानकात बांधून दिलेलं नाही. फाइल उलगडायची कशी, एवढंच ठरलेलं आहे. त्यामुळे एकाच बिटरेटच्या दोन एमपी३ एन्कोडरनुसार चांगल्या-वाईट निघतात. जुन्या, घाईत लिहिलेल्या एन्कोडरच्या १२८ वरून या फॉरमॅटची बदनामी झाली, ती थोडी अन्यायाचीच.

हा लपंडाव फसतो तो अचानक येणाऱ्या ठोक्यावर. टाळी किंवा कॅस्टनेट्सचा ‘टक’ फ्रेमच्या शेवटी आला, तर गोल करण्यातली खरखर मात्र फ्रेमभर पसरते, ठोक्याच्या आधीच्या शांततेतसुद्धा. मोठा आवाज आपल्यानंतरचं बरंच काही झाकतो. आधीचं फक्त काही मिलिसेकंद. म्हणून टकच्या आधी ‘स्स’ असा फिसकारा येतो. याला प्री-एको म्हणतात. एन्कोडर अशा जागी सुमारे ९ मिलिसेकंदांचे छोटे तुकडे वापरून तो आवरतो, पुरता घालवत नाही. कमी बिटरेट तपासायचा असेल तर हेडफोन लावून ठोके ऐका. संथ, भरलेलं संगीत सगळं झाकून नेतं.

आता तुमची १२८ ची फाइल. तिच्यात ७३ कुठेच नाही, ७० आहे. ३२० करताना नवा एन्कोडर ते ७० मूळ समजून जपतो, जुनी खरखरही इमानेइतबारे जपतो, वर स्वतःची थोडी घालतो. फाइल अडीचपट मोठी होते, एवढंच. एमपी३ चं एएसी किंवा ओपस (असेच आवाज कापून लहान करणारे दुसरे फॉरमॅट) केलंत तरी हाच प्रकार. मूळ सीडी हाताशी असेल तर एकदा फ्लॅक करून ठेवा आणि लागेल ते त्यातून बनवा.

कोणी दिलेली ‘३२०’ खरी आहे का अशी शंका असेल, तर ऑडॅसिटी या ऑडिओ संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वेळी कोणत्या फ्रीक्वेन्सी आहेत ते दाखवणारं चित्र) बघा. १६ किलोहर्ट्झवर पट्टीने रेघ मारल्यासारखं सगळं संपत असेल, तर ती बहुधा १२८ वरूनच फुगवलेली आहे. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये वरचे स्वर मुळातच नसतात, पण तिथे ते हळूहळू विरत जातात, असे एका रेषेत तुटत नाहीत.