रोज दही खाल्लं तर पोटाची प्रतिकारशक्ती वाढते का?

सरसकट ‘वाढते’ म्हणणं धाडसाचं होईल. शरीरातल्या प्रतिकारपेशींचा मोठा हिस्सा आतड्याच्या भिंतीत असतो. तिथल्या डेंड्रायटिक पेशी, म्हणजे पहारा देणाऱ्या प्रतिकारपेशी, जिवाणूंची चाचपणी करून टी पेशी नावाच्या दुसऱ्या प्रतिकारपेशींना कळवतात, की हल्ला करायचा का गप्प बसायचं. प्रोबायोटिक म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या काही वाणांमुळे नियामक टी पेशी वाढतात, म्हणजे उगाचची सूज आवरते. काहींमुळे आयजीए प्रतिपिंडं (जंतूंना अडवणारी प्रथिनं) जास्त पाझरतात. पण हे बरंचसं प्रयोगशाळेत आणि उंदरांत दिसलेलं, शिवाय वाण बदललं की परिणामही बदलतो. आपल्या सांगलीकडच्या म्हशीच्या कवडी दह्यात कोणते जिवाणू आहेत ते विरजणावर ठरतं. तेव्हा औषध म्हणून नको, चवीनं खा. केमोथेरपी चालू असेल तर मात्र प्रोबायोटिक कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.