'माय फेअर लेडी' आणि 'ती फुलराणी' दोन्ही पाहिलंय. मग ती दोन्ही ज्यावर बेतलीत ते बर्नार्ड शॉचं मूळ नाटक 'पिग्मॅलियन' वाचून वेगळं काय मिळणार? एकूणच जुनी इंग्रजी नाटकं आज वाचण्यात मजा आहे का?

वेगळा शेवट मिळणार. आणि माझ्या मते या नाटकात तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे, एका ओळीत सांगते: उच्चारशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स रस्त्यावर फुलं विकणाऱ्या एलायझा डूलिटलला उच्चभ्रूंसारखं बोलायला शिकवतो. पाचव्या अंकाच्या शेवटी निरोप घेऊन निघालेल्या एलायझाला हिगिन्स कामं सांगतो. हॅम मागव, स्टिल्टन चीज मागव, आठ नंबरचे हातमोजे आण, नव्या सुटाला शोभेल असा टाय आण. ती म्हणते, तुमचे तुम्ही आणा, आणि चालती होते. हा मागे खिशातली नाणी खुळखुळवत खूश, की आणेल की, जाते कुठे! पडदा.

१९१४ मध्ये लंडनला हिगिन्सचं काम करणारे बीरबोम ट्री पडदा पडायच्या आधी एलायझाकडे फुलं फेकायला लागले. म्हणजे प्रेक्षक दोघांचं जमलं असं समजून खुशीत घरी. शॉ भयंकर चिडला. १९१६ च्या पुस्तकात त्याने लांबलचक परिशिष्टच जोडलं: एलायझा तिच्या प्रेमात पडलेल्या फ्रेडीशी लग्न करते, फुलांचं दुकान काढते, आणि ते दुकान बराच काळ चालत नाही, कारण दुकान कसं चालवतात हे दोघांनाही ठाऊक नसतं. मला हे परिशिष्ट फार आवडतं. हिशेब शिकायला धडपडणारी एलायझा कुठल्याच सिनेमात नाही. १९३८ च्या 'पिग्मॅलियन' सिनेमात ती हिगिन्सकडे परत आलीच (त्याच पटकथेसाठी शॉला ऑस्कर मिळालं, तरीही), १९५६ च्या 'माय फेअर लेडी' या संगीतिकेत आली, तिच्यावरच्या १९६४ च्या सिनेमातही आली. आणि आल्या आल्या हा तिला विचारतो, माझ्या सपाता कुठायत?

मला या परत येण्याचा एवढा राग का, तेही सांगते. सांगली जिल्ह्यातल्या खेड्यातून मी पुण्याला कॉलेजात आले तेव्हा 'मी आलतो, मी गेलतो' असंच बोलायचे. आमच्याकडे बायकाही तसंच बोलतात. एकांकिकेच्या तालमीत सरांनी ते मोडून काढलं. दातांत पेन्सिल धरून उतारे वाचायला लावायचे. न-ण चा घोळ झाला की सगळ्या ग्रुपसमोर माझी नक्कल करायचे आणि ग्रुप हसायचा. स्पर्धा आली की 'ती फुलराणी'तल्या मंजुळेचं, म्हणजे मराठी एलायझाचं, 'तुला शिकवीन चांगलाच धडा' हे स्वगत माझ्याकडून घोटून घ्यायचे. त्यात ती मुलगी काय म्हणतेय, याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं. उच्चार तेवढे ऐकायचे.

आज मी निवेदन आणि डबिंगवर पोट भरते. मध्यंतरी एका सत्काराला सर माइकवर म्हणाले, "ही नुसता दगड होती, मूर्ती मी घडवली." टाळ्या पडल्या. मी उत्तराच्या भाषणात आधी कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंचे आभार मानले, सरांचे नंतर, एका वाक्यात. तेव्हापासून जुन्या ग्रुपवर मी कृतघ्न.

त्या बाई मला पहिल्या दिवसापासून अहो-जाहो करायच्या. कार्डावर दोनच पुस्तकं मिळायची, तिसरं त्या स्वतःच्या नावावर काढून द्यायच्या आणि परत करताना विचारायच्या, "कसं वाटलं? शेवट पटला का तुम्हाला?" माझं मत त्याआधी कोणी विचारलं नव्हतं. 'पिग्मॅलियन' त्यांनीच हातात ठेवलं. पाचव्या अंकात एलायझा हिगिन्सच्या मित्राला, कर्नल पिकरिंगला सांगते, की तुम्ही पहिल्याच दिवशी मला मिस डूलिटल म्हणालात, तिथून मला स्वतःची किंमत कळायला लागली. मी आले की तुम्ही उठून उभे राहायचात, टोपी काढायचात, दार उघडून धरायचात. मी असताना जेवणाच्या खोलीत तुम्ही कधी बूट काढले नाहीत. हिगिन्सने मला बोलायला शिकवलं, तो तर त्याचा धंदाच. ते पान मी तालमीच्या वहीत उतरवून घेतलं होतं.

सिनेमाने हे सगळं गाळलंय असं नाही. पण सपातांच्या शेवटाने त्यावर पाणी पडतं.

आता तुमचं एकूण विचारणं. मजा आहे, पण मनातल्या मनात वाचू नका. दोघंतिघं मिळून, भूमिका वाटून, मोठ्याने वाचा. शॉच्या रंगसूचना अजिबात गाळू नका, प्रस्तावना मात्र शेवटी. शेक्सपिअर जड जात असेल तर ऑस्कर वाइल्डचं १८९५ चं 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' आधी घ्या, एका बैठकीत होतं. मग विली रसेलचं १९८० चं 'एज्युकेटिंग रीटा'. लिव्हरपूलकडची केस कापणारी मुलगी ओपन युनिव्हर्सिटीत शिकायला येते, आणि शेवटी कुठे जायचं, काय करायचं हे तिचं ती ठरवणार असते. शॉची खरी वारस ती.

'माय फेअर लेडी' पाहू नये असं माझं म्हणणं नाही. गाणी मलाही पाठ आहेत. पुलंच्या मंजुळेचं तर माझ्यावर ऋणच आहे. आणि सरांनी मेहनत घेतली हे खरंच, माझे उच्चार त्यांचेच. पण उच्चार म्हणजे माणूस नव्हे. तुम्हीही कुणाला शिकवत असाल, भाषा असो की गाणं, तर नक्कल करून चारचौघांत हसू करू नका, आणि पुढे ते माणूस नावारूपाला आलं तर माइकवरून त्याच्यावर हक्क सांगू नका. आभार मानायचे की नाहीत, कुणाचे आधी आणि कुणाचे नंतर, ते ज्याचं त्याला ठरवू द्या.